एका ‘च’वर अडलेली भरती

पुढं वाचण्याआधी हा प्रश्न सोडवा. उत्तर मनात धरा, कमेंटमध्ये टाकायची घाई नको.

विधान १ : जर उमेदवार मेहनती असेल तर तो परीक्षेत यशस्वी होतो.
विधान २ : सुनील परीक्षेत यशस्वी झाला.
फक्त दिलेल्या विधानांच्या आधारे योग्य निष्कर्ष निवडा.
(अ) सुनील मेहनती आहे.
(ब) सुनील मेहनती नाही.
(क) सुनील मेहनती आहे की नाही, हे ठरवता येत नाही.
(ड) मेहनती नसलेले उमेदवार यशस्वी होत नाहीत.

तुमचं उत्तर ‘अ’ आलं असेल तर छापील उत्तरसूची तुमच्या बाजूनं आहे. तर्क मात्र तुमच्या बाजूनं नाही. बरोबर उत्तर ‘क’ आहे.

कारण साधं आहे. मेहनत केली की यश मिळतं, एवढंच पहिलं विधान सांगतं. यशाकडं जायला दुसरी वाटच नाही, असं ते कुठंही म्हणत नाही. सुनील मुळात हुशार असेल, पेपर सोपा आला असेल, अंदाजपंचे मारलेले गोळे बरोबर बसले असतील. दिलेल्या दोन ओळींवरून त्याच्या मेहनतीबद्दल काहीच सांगता येत नाही. ज्या पोरानं ‘क’ला गोल केला त्यानं नीट विचार केला होता, आणि मार्क नेमका त्याचाच गेला.

मी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या भरतीच्या पोरापोरींना गणित आणि बुद्धिमत्ता शिकवतो. या नमुन्याचे प्रश्न आणि असली उत्तरं सराव संचांत, टेस्ट सिरीजमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समध्ये इतक्यांदा बघितलीत की आता गप्प बसवत नाही. कुणाचं नाव घेत नाही, कारण हा रोग एका पुस्तकाचा किंवा एका क्लासचा नाही. उद्या मी एक नाव घेतलं तर बाकीचे सगळे आपण सुटलो म्हणून निवांत झोपतील.

माझं म्हणणं एवढंच आहे. जी परीक्षा पोरांची तर्कशक्ती मोजते, तिनं स्वतः तर्क चुकवू नये. आणि आमचं उत्तर बरोबरच आहे असं तिला वाटत असेल तर ते का बरोबर आहे, हे एका ओळीत लिहून द्यावं.

आता ज्यांना हे ‘जर-तर’ प्रकरण डोक्यावरून जातं, त्यांच्यासाठी. पुस्तकातली ‘अ’ आणि ‘ब’ सोडून द्या, आपलं गाव घ्या.

“एखादा माणूस जयसिंगपूरचा असेल, तर तो शिरोळ तालुक्यातला असतो.” हे खरं आहे, यावर वाद नाही. आता यावरून चार प्रकारे बोलता येतं.

१. हा जयसिंगपूरचा आहे, म्हणून शिरोळ तालुक्यातला आहे. बरोबर.
२. हा शिरोळ तालुक्यातला नाही, मिरजेचा आहे. म्हणून जयसिंगपूरचा नाही. हेही बरोबर.
३. हा शिरोळ तालुक्यातला आहे, म्हणून जयसिंगपूरचा आहे. हे वाक्य जरा कुरुंदवाडच्या बाजारात उभं राहून बोलून दाखवा.
४. हा जयसिंगपूरचा नाही, म्हणून शिरोळ तालुक्यातला नाही. हे नृसिंहवाडीत जाऊन सांगा.

संपलं. तर्कशास्त्राचा हा आख्खा धडा एवढाच आहे. पहिल्या दोन वाटा नेहमी चालतात, पुढच्या दोन चालत नाहीत. सुनीलचा प्रश्न तिसऱ्या वाटेनं गेला. पर्याय ‘ड’ चौथ्या वाटेचा आहे. म्हणजे चार पर्यायांत दोन सापळे लावले होते, आणि उत्तरसूची करणारा स्वतःच्याच सापळ्यात पाय घालून बसला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण वाद घालणारे नेहमी इथंच घोळ घालतात. तिसऱ्या वाटेनं काढलेला निष्कर्ष कधीकधी खराही निघतो. समोरचा शिरोळ तालुक्यातला माणूस खरोखर जयसिंगपूरचा असू शकतो. पण परीक्षेत ‘खरं आहे का’ असं विचारलेलं नसतं. ‘दिलेल्या विधानांवरून हे निघतं का’ असं विचारलेलं असतं. दिलेली विधानं खरी ठेवून निष्कर्ष खोटा पाडणारा एक माणूस सापडला, एकच, की निष्कर्ष बाद. कुरुंदवाडचा एक माणूस पुरतो, शंभर लागत नाहीत.

आणि क्लासमध्ये काय शिकवतात? ‘ट्रिक’. दोन्ही विधानांत जो शब्द सारखा दिसेल तो खोडा, उरलेले दोन शब्द जोडा, झालं उत्तर. दहा सेकंदांत प्रश्न खल्लास. या ट्रिकला पहिली वाट आणि तिसरी वाट यांतला फरक कळतच नाही, कारण शब्द खोडल्यावर दोन्हीकडं सारखंच उरतं. काही ठिकाणी तर पोरानं हात वर करून विचारलं की उत्तर मिळतं, “जास्त डोकं चालवू नकोस, आयोग असंच धरतो.” बुद्धिमत्तेच्या तासाला डोकं चालवू नकोस! आता बोला.

मराठीत ही सगळी भानगड एका अक्षरात मावते. ते अक्षर म्हणजे ‘च’.

“पाणी मिळालं तर ऊस येतो.”
“पाणी मिळालं तरच ऊस येतो.”

पहिल्या वाक्याचा शब्दशः अर्थ असा की पाणी दिलं की ऊस येणारच, दुसरं काही बघायला नको. दुसऱ्या वाक्याचा अर्थ असा की पाण्याशिवाय ऊस येत नाही. पण पाणी दिल्यावर येईलच, याची हमी त्यात नाही. हुमणी लागली तर पाणी देऊनही फड बसतो, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. म्हणजे पहिल्या वाक्यात पाण्यावरून उसाकडं जाता येतं. दुसऱ्यात उसावरून पाण्याकडं जाता येतं: ऊस उभा दिसतोय, म्हणजे पाणी मिळालेलं आहे. बाण पूर्ण उलटा फिरला, आणि फिरवणारं अक्षर एकच.

राज्यसेवेसारख्या परीक्षांचा पेपर मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत छापतात. इंग्रजीत ‘इफ’ वेगळं आणि ‘ओन्ली इफ’ वेगळं. ‘ओन्ली इफ’ मराठीत आणताना ‘तरच’ असं न लिहिता नुसतं ‘तर’ लिहिलं, तर मराठीतून पेपर वाचणाऱ्या पोरापुढं वेगळाच प्रश्न येतो. इंग्रजीतून वाचणाऱ्याचं उत्तर एक, मराठीतून वाचणाऱ्याचं दुसरं, आणि उत्तरसूची दोघांना एकच. ‘अनलेस’चं तसंच. “परवाना असल्याशिवाय गाडी चालवता येत नाही” यातून ‘गाडी चालवतोय म्हणजे परवाना हवा’ हे निघतं. ‘परवाना आहे म्हणजे गाडी चालवतोच’ हे निघत नाही. भाषांतर करणारा माणूस भाषेत कितीही पक्का असू दे, त्याला बाणाची दिशा कळत नसेल तर असे प्रश्न त्याच्या हातात देऊ नयेत.

यावर एक शहाणा मुद्दा येतो आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे. मुद्दा असा की, “अहो, आपण बोलताना ‘तर’ म्हणजे ‘तरच’ असंच धरतो की.” खरं आहे. घरात आई म्हणते, “अभ्यास केलास तर जत्रेला नेईन.” पोराला बरोबर कळतं की अभ्यास केला नाही तर जत्रा गेली. आईनं ‘च’ उच्चारला नाही, तरी तो ऐकू येतो. मायकेल गाइस आणि अर्नोल्ड झ्विकी या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये याच सवयीवर लिहिलं आहे. बोलणारा जेवढं म्हणतो त्यापेक्षा जास्त ऐकणारा स्वतःहून धरून चालतो. जगातल्या सगळ्याच भाषांत माणसं असं करत असावीत.

पण मग एक कबूल करा. प्रश्नाच्या डोक्यावर तुम्हीच छापता, ‘फक्त दिलेल्या विधानांच्या आधारे’. एकदा हे छापलं की आईचा ‘तर’ चालणार नाही. आणि समजा चालवायचाच असेल, तर तसं पेपरवर लिहा आणि सगळ्या प्रश्नांना एकच नियम लावा. आज होतं असं की एकाच संचात पंधराव्या प्रश्नाला ‘तर’ म्हणजे ‘तरच’ धरतात, आणि अठराव्याला ‘निष्कर्ष निघत नाही’ हे उत्तर बरोबर धरतात. पोरानं काय करायचं? पेपर काढणाऱ्याच्या मनात शिरायचं? त्याला बुद्धिमत्ता म्हणत नाहीत, ज्योतिष म्हणतात.

गंमत म्हणजे भरतीच्या पोरांना ‘तर’ आणि ‘तरच’ मधला फरक पुस्तकातून शिकवावाच लागत नाही. त्यांनी तो अंगावर घेतलाय. राज्यातल्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात किमान ५० टक्के लागतात, आणि त्यातून एका जागेमागं दहा उमेदवार या प्रमाणात लेखीला बोलावतात. म्हणजे “मैदानीत २५ मिळाले तरच लेखीचं बोलावणं येतं” हे वाक्य खरं. “मैदानीत २५ मिळाले तर लेखीचं बोलावणं येतं” हे वाक्य खोटं. कट-ऑफ वर गेला की २५ काय, त्याहून कितीतरी जास्त मिळवलेला पोरगा घरी बसतो. पहाटे पाचला उठून सोळाशे मीटर मारणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, तो तुम्हाला ‘आवश्यक’ आणि ‘पुरेसं’ यांतला फरक कुठल्याही प्राध्यापकापेक्षा स्पष्ट सांगेल. तोच पोरगा लेखीला बसतो आणि तिथं उत्तरसूची त्याला सांगते की असा काही फरक नसतोच.

“एवढा काय मोठा विषय? एका मार्काचं तर आहे,” असं म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब करावा.

पोलीस भरतीची लेखी १०० गुणांची. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण असे चार भाग. शेवटच्या यादीत अर्ध्या-एका मार्कावर किती जण लटकलेले असतात, हे यादी बघितलेल्यांना माहीत आहे. राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, २०२२ पासून पात्रतेपुरता केला. त्यात ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६ लागतात. प्रश्न ८०, प्रत्येकाला अडीच गुण, चुकीला पाव हिस्सा वजा. आता समजा एखाद्याचे २७ प्रश्न बरोबर आहेत आणि त्यानं बाकी एकालाही हात लावला नाही. गुण ६७.५, पात्र. त्यातल्या एका प्रश्नाची उत्तरसूची चुकली. त्याचे अडीच गेले आणि वर ०.६२५ वजा झाले. गुण ६४.३७५, अपात्र. पहिल्या पेपरात त्यानं काहीही दिवे लावले असले तरी तो पेपर आता गुणवत्तेला धरला जाणार नाही. एक प्रश्न, एक वर्ष. वयाची अट जवळ आली असेल तर कदाचित शेवटचं वर्ष.

एका प्रश्नानं काय होतं हे देशानं २०२४ च्या नीटमध्ये बघितलं. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं ग्राह्य धरली होती. सर्वोच्च न्यायालयानं आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून मत मागवलं. त्यांनी सांगितलं, बरोबर उत्तर एकच. सुधारित निकाल लागला तेव्हा पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. आख्ख्या देशाची यादी हलली, एका प्रश्नानं.

मग हरकत घ्या की, कोण नको म्हणतंय? घेतात पोरं. नीट-जेईई घेणारी संस्था तर हरकतीच्या प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये घेते आणि ते परत देत नाही. पैशाचं सोडा. हरकत घेतल्यावर मिळतं काय? अंतिम उत्तरसूची. तिच्यात तोच पर्याय कायम असतो किंवा प्रश्न रद्द झालेला असतो. का कायम, का रद्द, याचं कारण पोराला कळत नाही. प्रश्न रद्द झाला तरी ज्यानं तो बरोबर सोडवला होता, त्याच्या विचाराची आणि वेळेची किंमत शून्य.

कोर्टात जायचं म्हटलं तर तिथली वाटही अरुंद आहे. १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कसोटी घालून दिली. उत्तरसूची बरोबर आहे असंच आधी धरायचं. ती चुकीची ठरवायची तर चूक उघड-उघड दाखवता आली पाहिजे, ओढूनताणून अनुमानानं नाही. (त्या खटल्यात विद्यार्थ्यांनी चूक तशी दाखवली आणि ते जिंकले, हेही लक्षात ठेवा.) २०१७ मध्ये रणविजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या निकालात न्यायालय आणखी पुढं गेलं: शंका उरत असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, उमेदवाराला नाही.

या कसोटीमागचं कारण मला समजतं. प्रत्येक प्रश्न कोर्टात सोडवत बसलं तर एकही भरती पूर्ण होणार नाही. इतिहासाच्या, चालू घडामोडींच्या प्रश्नात दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात, तिथं तज्ज्ञांचं ऐकावं लागतं. पण जर-तरच्या प्रश्नात मतभेदाला जागाच कुठं आहे? इथं चूक दाखवायला दुसरं पुस्तक लागत नाही. दिलेली विधानं खरी ठेवून निष्कर्ष खोटा पाडणारं एक उदाहरण मांडलं की चूक उघड झाली. न्यायालय मागतं तो उघड पुरावा या एकाच प्रकारच्या प्रश्नात तीन ओळींत देता येतो. म्हणून या प्रश्नांत तरी ‘तज्ज्ञांनी ठरवलं आहे’ एवढं सांगून कुणालाही सुटता येऊ नये. ठरवलं असेल तर ते कसं ठरवलं, ते दाखवा.

काही जण म्हणतील, चुकीची उत्तरसूची सगळ्यांनाच लागू होते, मग अन्याय कुणावर? हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण आतून पोकळ आहे. प्रश्न अवघड असला तर तो सगळ्यांना अवघड असतो. उत्तरसूची चुकीची असली तर ती वेचून त्यालाच मारते ज्यानं बरोबर विचार केला. ज्यानं ट्रिक पाठ केली त्याला मार्क, ज्याला ट्रिकमधली खोट दिसली त्याला भोपळा. तराजूच उलटा टांगलाय आणि वर म्हणायचं, सगळ्यांना एकाच तराजूत तोललं!

आता पेपर काढणाऱ्यांच्या बाजूनंही थोडं बोलतो. ही चूक मूर्ख माणसंच करतात असं नाही. पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये एक कोडं मांडलं. आपल्या अक्षरांत सांगायचं तर टेबलावर चार पत्ते आहेत: अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण ‘अ’ आणि ‘४’ सांगतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’. चारच्या मागं काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. सातच्या मागं स्वर निघाला तर मोडतो. शिकलेल्या लोकांतही दहातला एकसुद्धा हे बरोबर सांगत नाही, असं वेसनला दिसलं.

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघांनी हेच कोडं बिअर पिणाऱ्याचं वय तपासण्याच्या भाषेत घातलं. जवळपास चारातल्या तिघांनी ते बरोबर सोडवलं. आपण आपल्या चौकात बघू. नियम: गाडी चालवत असेल तर लायसन पाहिजे. चार माणसं आहेत: एक गाडी चालवतोय, एक पायी चाललाय, एकाच्या खिशात लायसन आहे, एकाकडं लायसन नाही. ट्रॅफिक हवालदार कुणाला तपासेल? गाडी चालवणाऱ्याला, आणि ज्याच्याकडं लायसन नाही तो गाडीवर आहे का, हे. ज्याच्या खिशात लायसन आहे त्याच्या मागं तो कशाला लागेल? कोडं तेच आहे, पण आता शाळा सोडलेला माणूसही सोडवतो.

वाडीच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दक्षिणद्वार सोहळा झाला म्हणजे कृष्णेचं पाणी चढलंय, हे त्याला पक्कं माहीत. पण पाणी चढलं म्हणजे दक्षिणद्वार झालंच, असं तो म्हणत नाही. तो किती पायऱ्या बुडाल्या ते बघत थांबतो.

आणि आपल्या परंपरेला तर हे अजिबात नवं नाही. धूर दिसला तर तिथं विस्तव आहे, हे न्यायशास्त्राचं नेहमीचं उदाहरण. पण विस्तव आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान त्याच शास्त्रानं चुकीचं ठरवलं. उदाहरण दिलं तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचं: त्यात आग आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या पुस्तकात हे आहे. तेव्हाच्या नवशिक्या पोराला हे पहिल्या वर्षी शिकवायचे. आज स्पर्धा परीक्षेची उत्तरसूची करणाऱ्याला ते माहीत नसावं?

हे मार्कांपुरतं असतं तर मी एवढं लांबण लावलं नसतं. विचार करा, या परीक्षेतून पुढं कोण येतं.

उद्याचा पोलीस येतो. “गुन्हेगार पोलिसाला बघून पळतो. हा पळाला. म्हणून हा गुन्हेगार.” सुनीलचाच प्रश्न आहे, फक्त इथं मार्क जात नाही, एखाद्या घाबरट पोराची पाठ सोलून निघते.

उद्याचा तलाठी येतो. “जमीन मालकाची असेल तर सातबाऱ्यावर त्याचं नाव असतं. याचं नाव सातबाऱ्यावर आहे. म्हणून हाच मालक.” कायदा असं म्हणत नाही. जमीन महसूल संहितेनुसार नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण नुसत्या नोंदीनं मालकी तयार होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. किती भावकी या एका उलट्या बाणावर तालुक्याच्या कोर्टात झिजतायत, ते तारखांना जाणाऱ्यांना विचारा.

आणि आपण मतदार? दर पावसाळ्यात पाणी चढलं की आपण एकच वाक्य बोलतो. “अलमट्टीत पाणी अडवलं तर आपल्याकडं फुगवटा येतो. फुगवटा आलाय. म्हणजे अलमट्टीनं पाणी अडवलं.” अलमट्टीचा दोष आहे की नाही, असेल तर किती, हा खरा आणि आपल्या तालुक्याच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणूनच तो असल्या उलट्या तर्कानं सोडवायचा नाही. धरणाची त्या दिवशीची पातळी, विसर्ग, राजापूर बंधाऱ्याजवळचं पाणी, वर कोयनेतून सोडलेलं पाणी, पडलेला पाऊस, हे आकडे तारीखवार समोर ठेवून भांडायचं. असं भांडलो तर समोरच्याला उत्तर द्यावं लागेल. नुसतं ‘पूर आला म्हणजे त्यांनीच केलं’ म्हटलं की समोरचा वकील पहिल्याच दिवशी आपलं म्हणणं उडवून लावतो, आणि आपलं खरं दुखणंही त्याबरोबर वाहून जातं.

म्हणून मागण्या मांडतो. सगळ्या करता येण्यासारख्या आहेत, कशालाही नवीन इमारत लागत नाही.

एक. तर्काच्या प्रत्येक प्रश्नाचं अंतिम उत्तर देताना त्याखाली एका ओळीचं कारण छापा. पेपर काढताना ज्याला ते कारण लिहिता येत नाही, त्यानं तो प्रश्न घालू नये.

दोन. हरकत फेटाळली तर का फेटाळली, ते त्या उमेदवाराला कळवा. त्यानं दिलेलं उदाहरण कुठं चुकतं ते सांगा. चुकत नसेल तर उत्तर बदला.

तीन. पेपरच्या सूचनेत स्पष्ट लिहा की ‘जर-तर’ एकाच दिशेनं वाचायचं, आणि ‘तरच’ हवं असेल तिथं ‘तरच’ छापलेलं असेल.

चार. भाषांतर झाल्यावर मराठी पेपर मूळ न बघता दुसऱ्या माणसाकडून सोडवून घ्या. दोन्ही भाषांत उत्तर एकच येतंय का, एवढं तपासा. पोलीस भरतीत तर प्रत्येक जिल्ह्याचं घटक आपापला पेपर काढतं, तिथं मराठीतला पेपरही असा बाहेरच्या माणसाकडून सोडवून घ्यायला एक दुपार पुरेल.

पाच. ही आपल्या गावातल्या क्लासवाल्यांना आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांना विनंती. शब्द खोडायची ट्रिक बंद करा. पोरांना कुरुंदवाडचा माणूस शोधायला शिकवा. उदाहरण सापडलं की निष्कर्ष बाद, एवढी एकच पद्धत. दहा सेकंदांऐवजी वीस लागतील, पण ती भरतीनंतरही आयुष्यभर उपयोगी पडेल.

पोरांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. परीक्षेत नीट विचार करून आलेलं उत्तरच लिहा. उत्तरसूची वेगळी आली तर हरकत घेताना “माझं उत्तर बरोबर आहे” असं लिहू नका. लिहा: विधान एक खरं, विधान दोन खरं, आणि तरीही निष्कर्ष खोटा ठरतो असं हे उदाहरण. तीन ओळी. त्याला उत्तर देणं त्यांना भाग पडेल, आणि दिलं नाही तरी तुमच्याकडं कागद राहील.

तुमच्याकडं असा एखादा प्रश्न असेल, पोलीस भरतीचा, तलाठीचा, शिष्यवृत्तीचा, टेटचा, कुठलाही, तर त्याचा फोटो कमेंटमध्ये टाका. प्रश्न, चारही पर्याय आणि छापलेलं उत्तर, तिन्ही दिसलं पाहिजे. अंदाजे आठवणीतला प्रश्न नको, कारण एक ‘च’ इकडचा तिकडं झाला की सगळं उलटतं, हे आत्ताच बघितलं. पंचवीस पक्के प्रश्न जमले की प्रत्येकाखाली उदाहरण लिहून ते त्या त्या परीक्षा घेणाऱ्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवू, आणि पोचपावती इथंच टाकू.